जादा पैसे कशाचे? सुट्टी आणि करमणुकीवर वाचकांचे प्रश्न

दिवाळीची आणि उन्हाळ्याची आखणी करणाऱ्या वाचकांची पत्रं साचली होती. बहुतेकांचा रोख एकच: साधं तिकीट, साधी खोली समोर असताना दुप्पट-चौपट पैसे मोजावेत का? निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आई-वडील सत्तरीचे आहेत. मुंबईहून पुण्याला त्यांना व्हिस्टाडोम, म्हणजे काचेच्या छताच्या, डब्यातून आणायचं आहे. डेक्कन क्वीन घ्यावी की डेक्कन एक्स्प्रेस? पुढे गोव्यालाही व्हिस्टाडोमनेच जावं का? (चिंचवड)

उत्तर: डेक्कन एक्स्प्रेस घ्या, उजेडासाठी. ही गाडी सकाळी सातला सीएसएमटीहून सुटते आणि नऊच्या सुमारास घाटात असते. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी निघते, म्हणजे कर्जत ओलांडेपर्यंत साडेसहा होऊन जातात. जुलैमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या आसपास असल्याने घाट कसाबसा दिसतो. डिसेंबरात मात्र सहालाच अंधार पडतो आणि काचेच्या छतात तुम्हाला डब्यातले दिवेच दिसत राहतात. पुण्याहून मुंबईला जायचं असेल तर गणित उलटं होतं. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला निघते, त्यामुळे खंडाळा-कर्जत भर उजेडात मिळतं.

पैसे नेमके कशाचे मोजतोय हेही पाहून घ्या. प्रवास चार तासांचा, पण बघण्यासारखा भाग कर्जत ते लोणावळा, जेमतेम २८ किलोमीटर. चढ ३७ला १ इतका तीव्र असल्यामुळे गाडी तिथे सावकाश चालते आणि पाऊण-एक तास हाताशी येतो. कर्जतच्या आधी उपनगरं आणि लोणावळ्यानंतर सपाटी. तिथे काचेचं छत असलं काय, नसलं काय. म्हणून जाता-येता दोन्ही बाजूंनी व्हिस्टाडोम काढू नका. उजेडातली एक बाजू व्हिस्टाडोमने करा, दुसरी साध्या चेअर कारने. घरच्यांना लोणावळ्यात एक रात्र थांबवणार असाल तर व्हिस्टाडोम तिकीट लोणावळ्यापर्यंतच काढा.

डब्यात ४४ खुर्च्या असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि त्या १८० अंशांत फिरतात. खिडकीची जागा हमखास मिळेल असं नाही. काचा रुंद असल्याने आतल्या खुर्चीवरूनही दिसतं, पण फोटो काढणाऱ्याला शेजाऱ्याचं डोकं आडवं येतं. डबा गाडीच्या अगदी शेवटी लागला असेल तर मागच्या मोठ्या काचेपाशी उभं राहायची गंमत असते. मात्र घाट चढताना कर्जतला मागून गाडी ढकलणारी बँकर इंजिनं जोडली की त्या काचेसमोर इंजिनाचं नाक येतं. उतरताना ही अडचण नाही.

महिना जुलैचा मध्य ते सप्टेंबरअखेर. एप्रिल-मेमध्ये डोंगर करपलेले असतात आणि छतातून ऊन डोक्यावर येतं. सत्तरीच्या माणसांना ते सोसत नाही.

गोव्याचं वेगळं आहे. मडगाव जनशताब्दी मुंबईहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि प्रवास आठ-नऊ तासांचा. पावसाळी वेळापत्रकात तो आणखी लांबतो. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल पाहण्यासारखाच आहे, पण त्याच पट्ट्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदाही आहे, आणि कोकण रेल्वेचा बराच मार्ग जांभ्या दगडाच्या खोल कापांतून जातो. तिथे दोन्ही बाजूंना लाल भिंती दिसतात. वर पाहिलंत तर आकाशाची पट्टी. एक समजूत पत्रांतून वारंवार येते, ती इथेच दूर करतो: दूधसागर या मार्गावर नाही. तो कुळे ते कॅसलरॉक या घाटात, मडगावहून कर्नाटकाकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. आई-वडिलांचं वय पाहता पहाटे तीनला उठून सीएसएमटी गाठण्यापेक्षा दिवसाच्या गाडीची खिडकी धरा.

प्रश्न: वंदे भारतचं एक्झिक्युटिव्ह तिकीट साध्याच्या जवळपास दुप्पट आहे. मुंबई-सोलापूरला त्याचा फायदा होईल का? (सोलापूर)

उत्तर: दोन्ही डबे एकाच वेळी पोचतात, हे आधी लक्षात घ्या. एक्झिक्युटिव्हमध्ये रांगेत चार माणसं बसतात, साध्या चेअर कारमध्ये पाच. तिघांच्या बाकावरची मधली जागा मिळाली तर साडेसहा तासांत फरक जाणवतो, दोघांच्या बाजूला बसलात तर फारसा जाणवत नाही. दोघेच जाणार असाल तर आरक्षण लवकर करा आणि दोघांची बाजू मिळते का पाहा. अंग भारी असेल, गुडघा दुखत असेल किंवा वाटेत लॅपटॉप उघडून काम करायचं असेल, तरच वरचे पैसे द्या. जेवणासाठी देऊ नका.

प्रश्न: मे महिन्यात ताडोबाला जाणार आहोत, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एका रिसॉर्टचा दर रात्रीला २८ हजार, गेटजवळच्या होमस्टेचा साडेतीन हजार. रिसॉर्टमधून गेलं की वाघ दिसण्याची शक्यता वाढते का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. वाघाला तुम्ही कुठे उतरलात ते ठाऊक नसतं, आणि वन विभागालाही त्याचं सोयरसुतक नसतं. प्रवेशपत्र, जिप्सी (सफारीची उघडी जीप) आणि स्थानिक गाइड हे सगळं वन विभागाच्या व्यवस्थेतून येतं. रिसॉर्टचा पाहुणा आणि होमस्टेचा पाहुणा एकाच रांगेत उभे असतात. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि चालक.

शक्यता वाढते ती चार गोष्टींनी. पहिली म्हणजे महिना, आणि तो तुम्ही बरोबर निवडला आहे. एप्रिल-मेमध्ये जंगलातलं पाणी आटतं, जनावरं ठरावीक पाणवठ्यांवर येतात, झाडोरा विरळ झाल्याने नजर लांब जाते. दुसरी, सफाऱ्यांची संख्या. समजा एका सफारीत वाघ दिसण्याची शक्यता निम्मी आहे. मग तीन सफाऱ्यांत एकदा तरी दिसण्याची शक्यता साडेसत्त्याऐंशी टक्के होते. एकच सफारी करून परतणारे जे हळहळतात ते यामुळेच. दोन रात्रींच्या मुक्कामात रिसॉर्ट आणि होमस्टे यांतला फरक ४९ हजारांचा आहे. त्यातला काही भाग आणखी दोन सफाऱ्यांवर घाला.

तिसरी गोष्ट म्हणजे गेटपासूनचं अंतर. कोअरला, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाला, मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी असे सहा दरवाजे आहेत. चंद्रपूरहून येणाऱ्याला मोहर्ली सोयीचं, नागपूरहून येणाऱ्याला कोलारा किंवा नवेगाव. घोटाळा असा होतो की सफारी मिळते कोलाऱ्याची आणि खोली घेतलेली असते मोहर्लीला, कारण जाहिरातीत दोन्हीकडे नुसतं 'ताडोबा' लिहिलेलं असतं. मग पहाटे तीनला उठून जंगलाला वळसा घालून गाडी हाकावी लागते. म्हणून आधी सफारीचं आरक्षण करा, गेट पक्कं झाल्यावर खोली घ्या. उलट क्रम करणाऱ्यांनी पैसे वाया घालवलेले असतात, मग खोली कितीही उंची असो. पहाटे गेट उघडताना पुढच्या गाड्यांत असणं फार मोलाचं असतं. रात्री रस्त्यावरून चाललेल्या वाघाचे ताजे माग पहिल्या चार-पाच गाड्यांनाच दिसतात, नंतर ते चाकांखाली पुसले जातात.

चौथी गोष्ट म्हणजे जोडीला बसणारा जाणता माणूस, आणि इथे मात्र महागड्या मुक्कामाची बाजू उजवी ठरू शकते. चांगल्या रिसॉर्टकडे स्वतःचा निसर्गतज्ज्ञ असतो. चितळाचा इशारा आणि सांबराचा इशारा यांतला फरक तो मुलांना समजावतो. चितळ बिबट्यालाच काय, कधी कधी नुसत्या संशयालाही ओरडतं. सांबर ओरडलं तर गाडी थांबवून ऐकायचं. पण हा माणूस दरात धरलेला आहे का आणि तो जिप्सीत सहापैकी एक जागा घेणार का, हे आरक्षण करतानाच विचारा. तुम्ही चौघं, तो पाचवा, तेव्हा तुमचं जमून जाईल.

मे महिन्यात पैसे द्यावेत अशी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे विश्वासाने चालणारं एसी आणि त्याला जनरेटरची जोड. चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५च्या वर जातो. सकाळची सफारी दहाच्या सुमारास संपते, दुपारची तीनच्या आसपास सुरू होते. मधले पाच तास मुलं पत्र्याखाली काढणार असतील तर दुपारच्या सफारीत ती पेंगतात. साडेतीन हजारांच्या खोलीत हे सगळं असू शकतं आणि पंधरा हजारांच्या तंबूत नसूही शकतं. तंबू दिसायला देखणा असतो, पण दुपारी तापतो. वीज गेल्यावर एसी चालतो की नुसते दिवे, हा प्रश्न फोनवर स्पष्ट विचारा.

पूर्ण दिवसाची सफारीही मिळते आणि ती बरीच महाग असते. लांब लेन्स घेऊन पाणवठ्यावर चार-चार तास बसणाऱ्या छायाचित्रकारांना ती परवडते. मुलांना घेऊन त्या वाटेला जाऊ नका.

अडचणी होतात त्या बहुतेक कागदपत्रांपायी. आरक्षणात दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात जवळ लागतं. नाव बदलून दुसऱ्याला पाठवता येत नाही. मंगळवारी कोअर बंद असतं. कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून फोटो हवे असतील तर वेगळा कॅमेरा घ्या. आणि कोअर मिळालं नाही म्हणून बेत मोडू नका. आगरझरी, जुनोना, अलीझंझा या कोअरभोवतीच्या बफर भागांत वाघ चांगले दिसतात आणि शुल्कही कमी असतं.

प्रश्न: हॉटेलची एक खोली ७,५०० रुपयांची, दुसरी 'सी व्ह्यू' म्हणून ७,६०० रुपयांची. शंभर रुपयांसाठी विचार काय करायचा? (ठाणे)

उत्तर: विचार करायचा तो जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, त्याच्या वर १८ टक्के. पहिली खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते, दुसरी ८,९६८ रुपयांना. तुमच्या शंभर रुपयांचे १,०९३ झाले. कर प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर लागतो, भिंतीवर लावलेल्या दरपत्रकावर नाही. त्यामुळे ८ हजारांच्या खोलीवर हॉटेलने थेट पाचशेची सूट दिली तर ती खोली खालच्या टप्प्यात येते. आडवारी फोन करून ही विनंती केली तर बरेच व्यवस्थापक ऐकतात, कारण त्यांनाही खोली रिकामी ठेवायची नसते. ७,५००च्या वरच्या खोल्या विकणाऱ्या हॉटेलात जेवणाच्या बिलालाही सहसा १८ टक्के लागतात. बाहेरच्या साध्या खानावळीत ५. चार माणसांचं दोन दिवसांचं जेवण धरलं तर हाही आकडा लहान नाही.

आता 'सी व्ह्यू'. हे शब्द कोणी मोजून-मापून देत नाही. बाल्कनीतून समोर समुद्र, आणि न्हाणीघराच्या खिडकीतून मान वाकडी केल्यावर दिसणारी निळी रेघ, या दोन्हींना तेच नाव असतं. मजला कितवा, बाल्कनीचं तोंड कोणत्या दिशेला, मध्ये रस्ता की माडांची रांग, हे विचारा आणि त्याच खोलीतून काढलेला व्हिडिओ मागा. कोकणात समुद्र पश्चिमेला, तेव्हा खोलीला सूर्यास्त मिळतो आणि दुपारचं ऊनही. दुपारी खोलीत झोपणारं कुटुंब असेल तर माडाच्या सावलीतली मागची खोली जास्त सुखाची.

महाबळेश्वरात जुलै-ऑगस्टमध्ये 'व्हॅली व्ह्यू'साठी एक रुपयाही वर देऊ नका. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्या दोन महिन्यांत दरीच्या जागी दिवसचे दिवस पांढरं धुकं असतं. त्या पैशात गीझर नीट चालणारी, भिंतींना ओल न आलेली खोली शोधा. तीच खोली ऑक्टोबरात घेतलीत तर दरीचे पैसे वसूल होतात.

प्रश्न: अलप्पुळाच्या हाउसबोटीत एक रात्र काढायचे २२ हजार सांगितले. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. घ्यावं का? (नाशिक)

उत्तर: बोट चालते किती तास, हे त्यांना विचारा. रात्रभराच्या मुक्कामात सहसा दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, जेवणासाठी मध्ये थांबायचं आणि साडेपाचला बोट काठाला बांधायची. पुढे मच्छीमारांची जाळी पाण्यात पडतात, म्हणून मोठ्या बोटी फिरत नाहीत. सकाळी न्याहारीनंतर तासभर फिरून नऊच्या सुमारास उतरायचं. वीस-एकवीस तासांपैकी बोट खऱ्या अर्थाने चालते ती साडेचार-पाच तास. उरलेला वेळ तुम्ही बांधलेल्या बोटीतल्या खोलीत असता, आणि शेजारी अशाच बोटी बांधलेल्या असतात. त्यांच्या जनरेटरचा आवाज रात्री ऐकू येतो.

दुसरी मर्यादा बोटीच्या आकाराची. ती वेंबनाड तलावात आणि रुंद कालव्यांत जाते. ज्या अरुंद कालव्यांचे फोटो बघून मन तयार झालेलं असतं, तिथे ती शिरू शकत नाही. तिथे शिकारा, म्हणजे लहान होडी, जाते, तासाच्या भाड्याने. सकाळी साडेसहा ते नऊ शिकारा घेतलात तर शाळेला निघालेली मुलं, काठावर भांडी घासणाऱ्या बाया, सगळं हाताच्या अंतरावरून दिसतं.

तरीही पंचविसावा वाढदिवस आहे आणि पाण्यावर रात्र काढण्याची हौस आहे, तर जरूर घ्या. हौसेला मोल असतंच. फक्त अटी लिहून घ्या. एसी चोवीस तास की रात्री नऊ ते सकाळी सहा? बऱ्याच बोटींवर तो रात्रीच चालतो, आणि दुपारी दोनला खोलीत गेल्यावर ते कळतं. वरचा मजला उघडा आहे का? बोट एकटी बांधणार की ताफ्यात? एक खोलीची बोट आहे की तीन खोल्यांच्या बोटीतली एक खोली? दर शेवटच्या प्रश्नानेच सगळ्यात जास्त बदलतो. डिलक्स, प्रीमियम, लक्झरी ही नावं चालक आपापल्या मनाने ठेवतात, त्यावर विसंबू नका. नाताळ ते नववर्ष हे आठ-दहा दिवस टाळा. दर चढतात आणि बोटींची दाटी होते.

हौस नुसती पाण्यावरच्या फेरीची असेल तर दिवसाची हाउसबोट आणि रात्री काठावरचा होमस्टे. आणि राज्याच्या जलवाहतूक खात्याची अलप्पुळा-कोट्टयम बोट आहेच. अडीचेक तासांचा तोच जलमार्ग, तिकीट एसटीच्या भावात. खुर्च्या लाकडी आहेत एवढंच.

प्रश्न: थीम पार्कमध्ये रांग टाळायचा एक्स्प्रेस पास घ्यावा का? (पनवेल)

उत्तर: दारातच ठरवू नका, आत जाऊन मोठ्या राइडची रांग मोजा. समजा एका फेरीत २४ माणसं बसतात आणि फेरी दर तीन मिनिटांनी सुटते. म्हणजे तासाला ४८०. रांगेत चारशे माणसं असतील तर पन्नास मिनिटं गेली. अशा पाच राइड म्हणजे चार तासांवर वेळ, आणि उद्यान उघडं असतं सात-आठ तास. शनिवारी, रविवारी, मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत पास पैसे वसूल करून देतो. जुलैतल्या मंगळवारी रांगच नसते. दोन गोष्टी मात्र तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतात: पास प्रत्येक राइडला एकदाच चालतो का, आणि कोणत्या राइडला चालत नाही. तिसरी गोष्ट तुमच्या घरातली आहे. मुलाची उंची राइडच्या पट्टीला पुरते का, हे घरीच मोजून निघा. पास काढल्यावर १३० सेंटिमीटरच्या रेषेपाशी रडारड नको.

उद्यान उघडल्यानंतरचा पहिला तास हा फुकटचा एक्स्प्रेस पास आहे. लोक दाराजवळच्या राइडला गर्दी करतात; तुम्ही सरळ आतल्या टोकाच्या सर्वांत मोठ्या राइडकडे जा.

प्रश्न: सिनेमाला रिक्लायनर, नाटकाला पहिली रांग, गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला स्टेजसमोरचा 'फॅन पिट'. यातलं महाग ते खरंच चांगलं असतं का? (कोथरूड, पुणे)

उत्तर: तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

रिक्लायनर बहुधा सर्वांत मागच्या रांगांत असतात, कारण त्यांना जागा जास्त लागते आणि मागे ती मिळते. तिथून पडदा लहान दिसतो, आणि मागची भिंत जवळ असल्याने मागच्या स्पीकरचा आवाज पुढच्यावर चढतो. चित्र आणि ध्वनी दोन्ही जुळतात ते मधोमध, पडद्यापासून सुमारे दोन तृतीयांश अंतरावर. ती जागा अनेकदा मधल्या दराची असते. कंबरदुखी असेल तर रिक्लायनर घ्या, चित्रासाठी घेऊ नका. थ्रीडीसाठी जादा देताना हे ध्यानात असू द्या की साध्या चित्रपटाला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (उजेड मोजायचं माप) इतका उजेड अपेक्षित असतो. थ्रीडी चष्म्यातून त्याचा तिसरा हिस्सा डोळ्यांपर्यंत पोचतो. लेझर प्रोजेक्टर असेल तर निभतं, जुन्या दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर रात्रीची दृश्यं काळीकुट्ट होतात. आयमॅक्सला मात्र, चित्रपट त्या उंच चौकटीसाठी चित्रित झाला असेल तर, वरचे पैसे जरूर द्या.

नाटकाची पहिली रांग मानाची असते, बघण्याची नसते. रंगमंच तीन-साडेतीन फूट उंच. खालून पाहताना मान वर करावी लागते, नटांचे पाय दिसतात आणि नेपथ्याचा मागचा भाग पुढच्या सामानाआड जातो. दोन मजली नेपथ्य असेल तर वरचा प्रवेश निम्माच दिसतो. चौथ्या ते आठव्या रांगेतली मधली जागा घ्या: चेहरा दिसतो, आणि सगळा रंगमंच एका नजरेत बसतो. दहाव्या रांगेनंतर डोळ्यांतला अभिनय हरवायला लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर बाल्कनीची पहिली रांग, पुढे कोणाचं डोकं येत नाही.

मोठ्या मैदानी कार्यक्रमात सर्वांत चांगला आवाज ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळ असतो. मैदानाच्या मध्यावर जो मंडप दिसतो, तोच. तो माणूस तिथे बसून सगळा आवाज लावतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हालाही. अगदी पुढे उभं राहिलात तर मुख्य स्पीकरचे झोत डोक्यावरून जातात आणि जमिनीवरच्या स्पीकरचा धडधडाट छातीत बसतो. फॅन पिटचे पैसे हे गायकाला जवळून बघण्याचे पैसे आहेत. बघायचंच असेल तर घ्या, पण पाच-सहा तास उभं राहायची, मध्येच स्वच्छतागृहाला गेलं तर जागा जाण्याची आणि बुटक्या माणसाला पुढच्याच्या फोनचा पडदा दिसण्याची तयारी ठेवा. कानात घालायचे साधे बोळे न्या.

तुम्ही पुण्याचे, म्हणून सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचंही सांगतो. तिथली भारतीय बैठक खुर्चीपेक्षा स्वस्त असते आणि ज्यांना मांडी घालून चार-पाच तास बसता येतं त्यांना तिथे काही कमी पडत नाही. खुर्चीचे जादा पैसे हे निव्वळ गुडघ्यांसाठी आहेत. डिसेंबरातल्या रात्री बसायला सतरंजीखाली जाड घडी न्या, जमिनीचा गारवा आठनंतर चढतो.

प्रश्न: मालवणला एक जण ८०० रुपयांत स्कुबा करवतो, दुसरा ४ हजार मागतो. पोहता येत नाही. फरक कशाचा? (इचलकरंजी)

उत्तर: मिनिटांचा, माणसांचा आणि पाण्याचा. स्वस्त फेरीत एका बोटीत वीस-पंचवीस माणसं जातात, खडकाजवळ नांगर टाकतात आणि एकेकाला पाण्यात उतरवतात. पाण्याखाली तुम्हाला दहा मिनिटं मिळतात, बोटीत डोलत वाट पाहण्याचे दोन तास. त्या दोन तासांत निम्म्यांना बोट लागते. महाग फेरीत माणसं कमी, पाण्यात पंचवीस-तीस मिनिटं, आणि आधी उथळ पाण्यात सराव. पोहता येत नसलेल्याला हा सराव हेच खरं विकत घ्यायचं. तोंडाने श्वास घेणं, चष्म्यातलं पाणी काढणं आणि कान मोकळे करणं, या तीन गोष्टी कमरेइतक्या पाण्यात जमल्याशिवाय खाली जाऊ नये.

पैसे बुडतात ते बहुतेक कानामुळे. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण कानाला त्रास पहिल्या दोन-तीन मीटरांतच होतो, कारण तिथे दर मीटरला कानातली हवा सर्वांत जास्त प्रमाणात आकसते. दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखल्यावर नाही, दुखायच्या आधी. सर्दी असेल तर जाऊच नका. कितीही पैसे भरले तरी कान उघडणार नाहीत, आणि औषध घेऊन गेलात तर वर येताना ते उतरलेलं असू शकतं. दमा, फिट, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जो चालक तब्येतीचा फॉर्म भरून घेत नाही त्याच्याकडे स्वस्तातही जाऊ नका.

ठरवण्याआधी चार-पाच चालकांना हे विचारा: पाण्याखालची मिनिटं किती, एका प्रशिक्षकामागे माणसं किती, बोटीत ऑक्सिजन आहे का, तोंडात धरायचा भाग प्रत्येकानंतर जंतुनाशकात धुतात का. नवशिक्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थांची मर्यादा १२ मीटर आहे; 'साठ फूट खाली नेतो' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. व्हिडिओ आणि बनाना राइड फुकट म्हणून दर ठरवू नका. तो व्हिडिओ बहुतेक वेळा पाण्याखालच्या मिनिटांतूनच कापून घेतलेला असतो, कारण प्रशिक्षकाचे हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात.

पावसाळ्यात हे बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र निवळलेला असतो, त्यातही सकाळची पहिली बोट घ्या, दुपारी वारा उठून पाणी ढवळतं. डाइव्हनंतर १२ तास विमान नको, म्हणजे दुपारी पाण्यात उतरून संध्याकाळी चिपी किंवा मोपाहून उडायचा बेत करू नका. तुम्ही गाडीने आंबोली घाटातून परतणार असाल तर तीही ६९० मीटरची उंची आहे. उथळ, छोट्या डाइव्हनंतर धोका अगदी कमी असतो, तरी सकाळी डाइव्ह करून मालवणात जेवून, संध्याकाळनंतर निघालात तर बरं.